दारूबंदीच्या जिल्ह्याचे द्राक्ष

वर्ध्याहून पाहुणा आला की त्याच्या पिशवीतून काय निघणार, हे घरातल्या पोरासोरांनाही पाठ असते. गोरसपाकाचा पुडा, एखादा खादीचा पंचा, आणि पाहुणा हौशी असला तर वायगावची हळद. (2016 साली या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून ती आणणाऱ्याचा रुबाबही थोडा वाढला आहे.) हिवाळ्यात आला तर आर्वी-कारंज्याकडची संत्री. वर्ध्याच्या पाहुण्याने द्राक्षे आणल्याचे मात्र कुणी ऐकले आहे काय? नाशिकची द्राक्षे, तासगावची द्राक्षे, सोलापूरकडची द्राक्षे ही नावे आपल्या कानांना सवयीची आहेत. ‘वर्ध्याची द्राक्षे’ म्हटले की कोकणातल्या गव्हाबद्दल ऐकल्यासारखे वाटते. त्यातून ‘तांबड्या वाइनचे द्राक्ष’ म्हणाल तर विचारूच नका! सेवाग्रामचा जिल्हा, कित्येक दशके दारूबंदीत असलेला जिल्हा. तेथे असल्या द्राक्षाचे नाव काढणे म्हणजे एकादशीच्या फराळात कांद्याची चौकशी करण्यासारखेच.

तरीही या दिवाळीला मी नेमकी तीच चौकशी करायला बसलो आहे. त्याला कारण आहे पुण्यात तयार झालेली एक नवी द्राक्षवेल.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे नाव पुष्कळ वाचकांच्या परिचयाचे असेल. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मूळचे मालवणचे. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांनी कलकत्त्यात नाव मिळवले आणि 1946 साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचा पाया घातला. 1992 पासून ही संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. या संस्थेत वर्षानुवर्षे द्राक्षावर काम चालले आहे. बारामतीजवळच्या होळ येथे तिचे प्रयोगक्षेत्र आहे. डॉ. सुजाता तेटली यांच्या संशोधनातून तेथे एक संकरित वाण निघाले आणि 2020 साली त्याची वर्तमानपत्रांतून बरीच वाखाणणी झाली. नाव मात्र अगदीच रुक्ष: ए.आर.आय. 516. सोनाका, तासगणेश, शरद अशी गोड नावे द्राक्षांना देणाऱ्या महाराष्ट्राने या बिचाऱ्याला कैद्यासारखा नुसता नंबर द्यावा, हे काही बरे झाले नाही. ते असो. हे द्राक्ष काळे आहे, त्याचा रस गडद रंगाचा निघतो, आणि संस्थेने त्याची शिफारस केली आहे ती रसासाठी, जॅमसाठी आणि तांबड्या वाइनसाठी.

या द्राक्षाचे आईबाप कोण, ते आधी पाहू. कारण पुढची सगळी कथा त्यांच्यावरच अवलंबून आहे. एक आहे ‘ब्यूटी सीडलेस’. हे कॅलिफोर्नियात तयार झालेले काळे, बिनबियांचे द्राक्ष. आपण बाजारात जी द्राक्षे घेतो त्या युरोपीय-आशियाई कुळातले. दुसरे आहे ‘कॅटॉबा’, अस्सल अमेरिकेच्या रानातल्या कुळाचे. अमेरिकेत गोरा माणूस पोचला तेव्हा तेथल्या जंगलांत द्राक्षवेली झाडांवर चढून बसल्या होत्या. त्या फळांना एक विशिष्ट दरवळ होता. कुणाला तो कस्तुरीसारखा वाटे, तर कुणाला जनावराच्या अंगासारखा. लोकांनी त्यांना नाव दिले ‘कोल्ह्याची द्राक्षे’. आपल्याकडे कोल्ह्याला द्राक्षे आंबट लागली. तिकडे कोल्ह्याने ती आपल्या नावावरच करून घेतली! वाइनचे दर्दी लोक आजही या वासाला नाक मुरडतात. परंतु या रानवट कुळाने एक गोष्ट पुरेपूर कमावलेली आहे, ती म्हणजे रोगांपुढे टिकून राहण्याची ताकद. केवडा, भुरी, करपा ही द्राक्षबागाईतदाराची झोप उडवणारी नावे. त्यांच्याशी या वेली पिढ्यान्‌पिढ्या झगडत आलेल्या आहेत. ए.आर.आय. 516 मध्ये ही ताकद आली ती त्या कोल्ह्याच्या बाजूने.

ही ताकद किती मोलाची आहे हे समजायला आपल्या द्राक्षबागेचे वेळापत्रक थोडे पाहायला हवे. थंड देशात द्राक्षवेल हिवाळ्यात पाने टाकून झोपी जाते आणि वसंतात उठून फळते. महाराष्ट्रात तिला झोपवणारी थंडीच नाही. तेव्हा आपल्या बागाईतदारांनी तिला कात्रीने झोपवण्या-उठवण्याची युक्ती काढली. वर्षातून दोन छाटण्या आणि पीक एक. एप्रिलच्या सुमारास ‘खरड छाटणी’ करतात. वेल अगदी ओंडक्याशी खरडून काढायची म्हणजे नव्या काड्या फुटतात. पुढल्या हंगामाचा घड त्या काड्यांच्या डोळ्यांत उन्हाळ्यातच गुपचूप तयार होत असतो. बाहेरून काही दिसत नाही, पण आत घड धरला की नाही याचा निकाल मे-जूनमध्येच लागलेला असतो. मग ऑक्टोबरात ‘गोडी छाटणी’. काडी नेमक्या डोळ्यावर कापायची, आणि तो डोळा फुटून घड बाहेर येतो. ‘गोडी छाटणी’ हा शब्द ज्याने प्रथम वापरला त्याला भाषेची जाण होती यात शंका नाही.

आता गोम अशी की, ऑक्टोबरात कोवळा घड बाहेर पडतो आणि नेमका त्याच वेळी परतीचा पाऊस येऊन ठेपतो. ओल्या पानांवर केवडा एका रात्रीत उतरतो. म्हणून बागाईतदार पाठीवर पंप बांधून धावतो. एक फवारणी, दुसरी, चौथी, दहावी. मजुरी जाते, औषधांचा पैसा जातो आणि फळावर काय काय उरते ते निराळेच. 2010 साली एका वाढ-नियंत्रक रसायनाचे अंश सापडले म्हणून आपली द्राक्षे युरोपने परत पाठवली होती, हे काहींना आठवत असेल. ते रसायन रोगावरचे नव्हते हे खरे. पण द्राक्षाच्या घडावर आपण काय काय माखतो याचा हिशेब त्या वर्षी प्रथमच घराघरांत झाला. अशा परिस्थितीत जी वेल आपण होऊन केवड्याला तोंड देते, तिच्या नावात साखर नसली तरी शेतकऱ्याला ती गोडच लागणार.

फवारणीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. कारंजा-आर्वीकडचा संत्र्याचा बागाईतदार झाडाच्या बुंध्याला निळसर लेप लावतो. मोरचूद आणि चुना कालवून केलेला. डिंक्या रोग होऊ नये म्हणून. त्याला तो ‘बोर्डो’ म्हणतो. हे बोर्डो म्हणजे फ्रान्समधला तांबड्या वाइनसाठी जगभर गाजलेला प्रांत! तेथे रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षे वाटसरू तोडून खात, म्हणून मळेवाले त्यांच्यावर मोरचूद-चुन्याचे पाणी शिंपडून ठेवत. फळ विषारी दिसावे, एवढाच हेतू. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की शिंपडलेल्या वेलींना केवडा धरत नाही. 1885 साली त्याने ते औषध म्हणून जाहीर केले. म्हणजे वर्धा जिल्ह्यात वाइनला बंदी असली तरी वाइनच्या प्रांताचे नाव तेथल्या शेतकऱ्याच्या तोंडी रोज आहे.

त्याच भागातल्या एका परिचित बागाईतदारांपाशी मी द्राक्षाची गोष्ट काढली. ते हसून म्हणाले, ‘‘भाऊ, मृग बहार धरावा का आंबिया, याच्या विवंचनेत आमची उमर गेली. आता हे अंगूर कुठून काढले तुम्ही?’’ त्यांचे हसणे वावगे नव्हते. द्राक्षाच्या दृष्टीने वर्ध्याची भूमी अवघडच. कापसाची काळी जमीन पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात ती चिखल होऊन मुळांचा श्वास कोंडते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते. पाऊस सरासरी हजार मिलिमीटरच्या घरातला, म्हणजे निफाड-दिंडोरीकडच्या पावसाहून बराच जास्त. आणि मे महिन्याचा वर्ध्याचा उन्हाळा ज्याने सोसला आहे, त्याला पारा 45 अंशांपुढे गेला म्हणजे काय होते ते सांगायला नको. खरड छाटणीनंतरचा, डोळ्यात घड धरण्याचा काळ नेमका हाच. अति उष्म्याने तेथेच काही घड जिरतात. शिवाय तांबड्या वाइनच्या द्राक्षाला रंग चढावा लागतो. पिकण्याच्या दिवसांत हवा तापली की रंग फिका राहतो.

मग सारा विषय इथेच मिटला काय? मला तसे वाटत नाही. आर्वी-कारंज्याकडे उतारावरच्या बरड, मुरमाड जमिनी आहेत. तेथे पाणी ठरत नाही, म्हणून तर संत्रे रुजले. महाराष्ट्रातले द्राक्षबागाईतदार हल्ली वेल आपल्या मुळांवर वाढवतच नाहीत. ‘डॉगरिज’ नावाच्या अमेरिकन खुंटावर कलम करतात, आणि तो खुंट खारे पाणी, ओढ, हलकी जमीन हे सारे सोसतो. तिसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ए.आर.आय. 516 गोडी छाटणीपासून 110 ते 120 दिवसांत पिकते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात छाटणी झाली तर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात घड हातात. विदर्भात त्या वेळी रात्री अजून गार असतात. आणि गारपिटीचे भय असते ते फेब्रुवारीअखेर नि मार्चात. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने मराठवाडा-विदर्भाची काय दैना केली ती अजून ताजी आहे. त्या तडाख्याआधी माल घरात आणणारे पीक विदर्भात कुणाला नको आहे? शिवाय या वाणाची शिफारस महाराष्ट्राबरोबर तेलंगणा, तमिळनाडू, पश्चिम बंगाल आणि पंजाब या राज्यांसाठीही झाली आहे. तेलंगणाचा उन्हाळा वर्ध्याच्या उन्हाळ्याचा सख्खा भाऊच म्हणायचा.

पण म्हणून कुणी उद्याच दहा एकर वावरात मांडव उभारू नये. द्राक्षाचा मांडव म्हणजे लोखंड, तारा, ठिबकच्या नळ्या आणि पहिले पीक येईपर्यंतचा धीर. कापसाच्या भरवशावर जगणाऱ्या आणि त्या भरवशाने पुन:पुन्हा पाठ फिरवलेल्या शेतकऱ्याला नव्या पिकाचे स्वप्न विकताना सांगणाऱ्याने जिभेला हाड ठेवावे. पाच-दहा गुंठ्यांत आधी वेल काय म्हणते ते पाहावे. अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ विदर्भासाठीच 1969 साली निघाले; अशा वेळी त्याचा सल्ला घेण्यात कमीपणा नाही.

आता खरा प्रश्न. समजा, वेल रुजली, घड आला, रंगही चढला. वाइनचे द्राक्ष दारूबंदीच्या जिल्ह्यात पिकवून करायचे काय?

वाचकहो, ‘वाइनचे द्राक्ष’ हा शब्दच थोडा फसवा आहे. वेलीला वाइन ठाऊक नसते, तिला रस ठाऊक असतो. काळ्या द्राक्षाचा रंग बहुधा सालीत असतो, आतला गर पांढराच. गर दाबून रस वेगळा काढला तर त्याची पांढरी वाइन होते. सालीसकट ठेवून आंबवला तर तांबडी. हवेत, भांड्यांवर, सालीवर यीस्टचे सूक्ष्म जीव असतात. ते रसातली साखर खाऊन अल्कोहोल करतात. कुणी काही केले नाही तरी हे घडते. रस आणि वाइन यांच्यामधली भिंत एवढीच: यीस्ट आणि थोडा वेळ. आपल्या घरातल्या औषधांच्या फळीवर द्राक्षासवाची बाटली असेल तर तिच्या लेबलावर बारीक अक्षरांत पाहा. आसवात आपोआप तयार झालेले अल्कोहोल असते. धायटीची फुले घालून ते आंबवतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातसुद्धा द्राक्षाच्या मद्याला ‘मधु’ हे नाव दिलेले आहे. म्हणजे आंबवण्याची विद्या आपल्याला नवी नाही. न आंबू देण्याची विद्या मात्र नवी होती, आणि तिचा एक अध्याय वर्ध्यातच लिहिला गेला आहे.

गांधीजी 1934 साली वर्ध्यास आले. त्याच वर्षी मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि कुमारप्पांनी त्याची धुरा घेतली. 1936 मध्ये गांधीजी शेगावास, म्हणजे पुढच्या सेवाग्रामास राहायला गेले. या भागात शिंदीची झाडे फार. शिंदीचा रस पहाटे गोड असतो, ती नीरा. ऊन चढले की तोच रस आंबतो, ती ताडीसारखी मादक शिंदी. एकाच मडक्यात सकाळी लेकराचे पेय आणि संध्याकाळी दारूड्याचे! गांधीजींनी झाडाला दोष दिला नाही. त्यांनी विचारले, रस आंबण्याआधी त्याचा गूळ का करू नये? गजानन नाईक यांनी ताडगुळाचे काम तेथे नेटाने उभे केले. मडक्याला आतून चुना लावायचा, रस उजाडायच्या आत उतरवायचा, लगेच चुलीवर चढवायचा. दारूबंदी म्हणजे केवळ ‘पिऊ नका’ असे नाही. जे झाड दारू देते त्याच्याकडून दुसरे काय घेता येईल, हा त्या कामाचा रोख होता. दारूबंदीचा हा अर्धा भाग आपण पुढे विसरलो, असे माझे स्पष्ट मत आहे. बंदीचा फलक राहिला आणि आडवाटेला मोहाची भट्टीही राहिली. मडक्याला लावायचा चुना तेवढा कुणाच्या लक्षात राहिला नाही.

आता वर्ध्याहून एकदम अमेरिकेत जाऊ. वाट लांबची असली तरी उलटून येणार ती वर्ध्यालाच.

मॅसॅच्युसेट्समध्ये कॉन्कर्ड नावाचे लहानसे गाव आहे. थोरो तेथला. सरकारचा कायदा अन्यायाचा असेल तर माणसाने काय करावे, यावरचा त्याचा प्रसिद्ध निबंध 1849 साली छापला गेला. गांधीजींनी पुढे दक्षिण आफ्रिकेत तो वाचला, हे सर्वांना माहीत आहे. माहीत नसते ते हे की, त्याच 1849 साली, त्याच गावात एफ्रिम बुल नावाच्या माणसाच्या बागेत एक काळे द्राक्ष पिकले. रानातल्या कोल्ह्याच्या द्राक्षाचे बी पेरून, रोपांमागून रोपे वाढवून आणि टाकून देऊन त्याने ते निवडले होते. गावाच्याच नावाने ते ‘कॉन्कर्ड’ झाले. थंडीत टिकणारे, रोगाला दाद न देणारे आणि तोच कोल्ह्याचा दरवळ भरपूर असलेले. बुलने रोपे विकली, पण रोपवाटिकावाल्यांनी ती झपाट्याने वाढवून बाजार काबीज केला. बुल 1895 मध्ये गरिबीतच वारला. त्याच्या थडग्यावर कोरले आहे की, पेरले याने आणि कापून नेले दुसऱ्यांनी. हे वाचताना आपल्या कापूसवाल्याची आठवण न येणारा माणूस विरळा.

आता न्यू जर्सीमधले व्हाइनलँड पाहा. 1861 साली चार्ल्स लँडिस नावाच्या गृहस्थाने हे गाव वसवले. नियम असा की गावात दारू विकायची नाही. आणि गावाचे नाव मात्र द्राक्षवेलीवरून, कारण येणाऱ्यांनी द्राक्षे लावावीत ही त्याची हौस! दारूबंदीचे गाव आणि दारोदार द्राक्ष. तेथे टॉमस वेल्च नावाचा दंतवैद्य राहत असे. तो कट्टर मेथॉडिस्ट होता आणि चर्चमधल्या प्रभुभोजनाची व्यवस्था त्याच्याकडे असे. प्रभुभोजनाला वाइन लागते आणि वेल्चला वाइन नको. फ्रान्समध्ये पाश्चरने थोडीच वर्षे आधी दाखवून दिले होते की आंबणे हे सूक्ष्म जीवांचे काम आहे आणि उष्णतेने ते जीव मरतात. 1869 साली वेल्चने कॉन्कर्ड द्राक्षांचा रस काढला, बाटल्यांत भरला, बुचे मारली आणि त्या बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या. रस आंबला नाही. चर्चेसनी मात्र फारसे स्वागत केले नाही आणि काही वर्षांनी त्याने तो नाद सोडला. पुढे त्याच्या मुलाने, चार्ल्सने, तोच रस बाजारात आणला. 1893 च्या शिकागोच्या प्रदर्शनात लोकांनी तो चाखला. होय, ज्या प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, तेच प्रदर्शन. 1913 साली अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्याने, ब्रायन यांनी, ब्रिटिश वकिलाच्या मेजवानीत वाइनऐवजी द्राक्षरस वाढला तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली; पण रसाचा खप काही कमी झाला नाही.

या हकिगतीतला खरा मुद्दा दंतवैद्याच्या धर्मनिष्ठेचा नसून द्राक्षाचा आहे. नेहमीच्या खायच्या द्राक्षांचा रस तापवला की त्याची मजा जाते, शिजकट लागतो. कोल्ह्याच्या कुळातल्या द्राक्षाचा दरवळ मात्र इतका दांडगा असतो की तापवूनही तो टिकतो. म्हणूनच कॉन्कर्डचा रस बाटलीत जगला. बंगळूर-चिक्कबळ्ळापूरकडचे ‘बंगळूर ब्लू’ हे द्राक्षही त्याच रक्ताचे, आणि तेही रसासाठी प्रसिद्ध. वाइनच्या जाणकारांना जो वास दोष वाटतो, तोच रसाचा गुण ठरतो. ए.आर.आय. 516 मध्ये तेच कॅटॉबाचे रक्त आहे. फ्रेंच धाटणीची उंची तांबडी वाइन करायची तर नाशिकवाल्यांपाशी कॅबरने सॉव्हिन्याँ आहे, शिराझ आहे. या कोल्ह्याच्या लेकराला त्या दरबारात मान मिळेलच असे नाही. रसाच्या पंगतीत मात्र त्याचे पान मानाचे. म्हणजे तांबड्या वाइनसाठी शिफारस झालेले हे द्राक्ष वाइनच्या जिल्ह्यापेक्षा दारूबंदीच्या जिल्ह्यालाच अधिक साजेसे आहे!

महाराष्ट्र सरकारने 2001 साली जे धोरण आणले त्याचे नाव ‘द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण’ असे होते. प्रक्रियेत रसही येतो, मनुकाही येतो. गाजावाजा मात्र झाला तो वाइनचाच. विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क निघाले. नाशिकने त्याचे चीज करून दाखवले, त्याबद्दल आकस नाही. 2022च्या जानेवारीत सुपरमार्केटांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा केवढा गदारोळ उडाला! दारूबंदीचे जिल्हे त्यातून वगळलेले होते. त्या वादात शेतकऱ्याच्या हिताचा हवाला दोन्ही बाजूंनी दिला. दारूबंदीच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने मग कशावर प्रक्रिया करावी, हे मात्र दोन्ही बाजूंना सुचले नाही. द्राक्षाची वेल लावायला दारूबंदीची आडकाठी नाही, गोड रस काढून बाटलीत भरायलाही नाही. हवी आहे ती बाटली, स्वच्छ हात, गरम पाण्याचे भांडे आणि विकायला दुकान. मगनवाडीच्या परिसरात आजही महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था उभी आहे. नीरेचा प्रश्न जेथे सोडवायला घेतला होता, तेथेच द्राक्षरसाचा प्रश्न हाती घेतला तर ते परंपरेला धरूनच होईल.

तोवर आपल्या स्वयंपाकघरात वेल्चचा प्रयोग करून पाहायला कुणाची परवानगी लागत नाही. ए.आर.आय. 516 आपल्या मंडईत मिळणे कठीण. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये काळी शरद किंवा जम्बो द्राक्षे मिळतात, आणि कुणी बंगळूरहून येणार असेल तर त्याला बंगळूर ब्लू आणायला सांगावे. त्याचा रस पहिल्या घोटातच फरक सांगतो. दोन किलो द्राक्षे चांगली धुऊन देठ काढावेत. स्टीलच्या पातेल्यात घ्यावीत, कारण द्राक्षाचे आम्ल तांब्या-ॲल्युमिनियमला लागते. वाटीभर पाणी घालून मंद आचेवर ठेवावे आणि डावाने हलके चेपत राहावे. साली फुटून पाण्याला रंग चढू लागतो. खदखदून उकळू मात्र देऊ नये. पंधरा-वीस मिनिटांनी स्वच्छ पंचात घालून टांगून ठेवावे. घाई झाली म्हणून पिळले तर रस गढूळ होतो. हा रस रात्रभर शीतकपाटात ठेवून सकाळी वरचा नितळ तेवढा ओतून घ्यावा आणि उकळून घेतलेल्या बाटल्यांत गळ्याखाली दोन बोटे जागा सोडून भरावा. मोठ्या पातेल्याच्या तळाला जुने फडके घालून त्यावर बाटल्या उभ्या कराव्यात, गळ्यापर्यंत पाणी घालावे, आणि पाणी हाताला सोसवणार नाही इतके कडक पण उकळीच्या खाली, असे वीस मिनिटे राखावे. मग गरम असतानाच झाकणे घट्ट लावावीत. यीस्ट तेथेच संपले. बाटली उघडली की मात्र ती शीतकपाटात ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी, नाहीतर उरलेल्या रसाची वाटचाल आपोआप द्राक्षासवाकडे सुरू होईल.

काही दिवसांनी बाटलीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे कण दिसले तर घाबरून रस मोरीत ओतू नये. ती द्राक्षाच्याच आम्लाची खडी आहे. वाइनच्या पिंपांनाही तीच आतून चिकटते आणि बेकरीत वापरतात ती ‘क्रीम ऑफ टार्टार’ तिच्यापासूनच होते. वरचा रस अलगद ओतून घ्यावा, म्हणजे झाले.